विश्रांतीच्या खोलीतले कोमटराव

कोमटरावांना आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते आता फक्त त्यांच्या सासऱ्यांच्या लक्षात उरलं होतं. बाकी अख्खं रुग्णालय त्यांना कोमटराव म्हणायचं, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कमावलेलं होतं. माणूस गरम नाही, गार नाही. ते भेटले म्हणून कुणाला आनंद व्हायचा नाही, आणि गेले म्हणून कुणी सुटकेचा श्वासही सोडायचं नाही. लिफ्टमध्ये ते एकटे उभे असले की लोक म्हणायचे, "चला, रिकामीच आहे." कर्मचाऱ्यांच्या फोटोत पुढच्या रांगेत बसूनसुद्धा लोकांची समजूत अशी की फोटो कोमटरावांनीच काढला असणार.

असा माणूस एरवी जगात कुठेतरी कोपऱ्यात झिजून गेला असता. पण नशीब बघा, त्याच रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर पिट्युइटरीच्या गाठींवर संशोधन चालायचं, आणि त्या संशोधनाचं सगळं घोडं नेमकं अशाच माणसावाचून अडलेलं होतं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती पिट्युइटरी. आकार वाटाण्याचा, पण तोरा थेट सासूचा. गळ्यातल्या थायरॉइडपासून साऱ्या ग्रंथींना कामाला जुंपणार ती. तिच्यावर कधीकधी छोटीशी गाठ येते आणि मग प्रोलॅक्टिन नावाचं द्रव्य रक्तात वाढतं. थायरॉइड मंदावलं तरी ते वाढतं, म्हणून थायरॉइडचे पेशंटही त्याच मजल्यावर यायचे. इथपर्यंत ठीक होतं. पण हे प्रोलॅक्टिन भलतंच हळवं. माणूस घाबरला की वाढणार, चिडला की वाढणार, नुसती सुई पाहिली तरी वाढणार. बरं, म्हणून त्याला झोपवावं, तर झोपेतही वाढणार. मग रक्तात वाढलेलं दिसतंय ते गाठीचं की भीतीचं, हे कळावं कसं? त्यावर उपाय असा की आधीच हातात सुई बसवून ठेवायची, पेशंटला निवांत पडू द्यायचं आणि थोड्या थोड्या वेळानं त्याच सुईतून रक्त घ्यायचं. भीतीनं चढलेला आकडा हळूहळू उतरतो. गाठीमुळे चढलेला असेल, तर तो तिथेच ठाण मांडून बसतो.

म्हणजे पेशंट जागा हवा, पण निवांत हवा. सांगायला सोपं आहे. विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणायचे, त्यांनी यासाठी काय काय केलं नाही! चार आरामखुर्च्यांची एक खोली केली, तिला ना पिवळा ना पांढरा असा रंग दिला. टकटक करतं म्हणून घड्याळ काढलं. टीव्ही लावला, तर मालिकेतल्या सुनेचे हाल बघून चारही खुर्च्यांवरचे आकडे गच्चीवर पोचले. संगीत लावलं, तर एका ट्रकचालकाला कुणाचीतरी आठवण आली आणि तो ढसाढसा रडला. माशांची टाकी आणली. तिच्याकडे बघत निम्मे पेशंट झोपले, आणि उरलेल्या निम्म्यांच्या देखत एक मासा मेला. शेवटी पूर्ण शांतता ठेवून पाहिली. त्या शांततेत प्रत्येकाला शेजारच्याच्या पोटातले आवाज ऐकू यायला लागले आणि सगळे आणखीच बेचैन झाले.

कोमटराव तेव्हा चादरींच्या विभागात होते. चादरी बघायला म्हणून ते त्या खोलीत आले आणि खुर्चीवर आडव्या पडलेल्या एका पेशंटला, त्यानं काही विचारलेलं नसताना, आपण कुलूप कसं विकत घेतलं ते सांगू लागले. दुकानात गेलो. कुलूप मागितलं. दुकानदारानं दिलं. किल्ली लावून पाहिली. उघडलं. मग बंद करून पाहिलं. बंद झालं.

त्या पेशंटचे त्या दिवशीचे आकडे आले आणि प्रयोगशाळेनं दोनदा तपासले. असे सपाट आकडे त्यांनी आजवर पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी कोमटरावांना मुद्दाम बोलावून तीच गोष्ट सांगायला लावली. पुन्हा आकडे सपाट, इस्त्री फिरवल्यासारखे. ऐकणारा झोपत नव्हता, कारण कोमटराव दर दोन वाक्यांनी "बरोबर?" असं विचारायचे. आणि खुलतही नव्हता, कारण... त्याचं कारण त्यांच्याकडे एकदा बघितलं की कळायचं.

कोमटरावांची नेमणूक झाली: विश्रांती सहायक.

शास्त्र म्हटलं की शिस्त आली. मोठ्या मॅडमनी कोमटरावांच्या सगळ्या गोष्टी ऐकून त्या शास्त्रशुद्ध करून घेतल्या. बस वेळेवर आल्याची गोष्ट होती, तिच्यात बसथांब्यावर एक कुत्रं बसलेलं होतं. एका पेशंटला कुत्र्याची भीती वाटायची, त्याचा आकडा उडाला. मॅडम म्हणाल्या, "कुत्रं काढा. तिथे खुर्ची ठेवा." तेव्हापासून त्या थांब्यावर खुर्ची बसायची. नळाच्या गोष्टीतून पाणी गेलं, कारण काहींना लघवीला लागायचं. दिवाणखान्यात पडद्याचा दांडा बसवल्याची गोष्ट तर त्यांची सर्वांत पक्की. तिच्यातही एक शब्द असा होता की ज्यावर निम्म्या विवाहित पेशंटांचे आकडे हलायचे. मॅडमनी तोही काढला. कोमटरावांची काहीच हरकत नव्हती. त्यांची कशालाच नसायची.

आणि पेशंटनं बोलायचं नाही, हा नियम. बोललं की माणूस रंगात येतो.

सगळं सुरळीत चाललेलं असताना कोमटरावांच्या बायकोची तब्येत बिघडली.

ही बाई म्हणजे अगदी दुसरं टोक. घरीच शिलाईकाम करायची, अख्ख्या गल्लीच्या पॅंटी आखूड करून द्यायची आणि माणसांनाही. तिच्यासमोर बढाई मारून आलेला माणूस जाताना दोन बोटं कमीच होऊन जायचा. तिचं डोकं ठणकायला लागलं, पाळीचं तंत्र बिघडलं, दुपारी मशीनवर बसल्या बसल्या गळून जायला व्हायचं. घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड ठीक होतं, प्रोलॅक्टिन वाढलेलं. मग डोक्याचा एमआरआय झाला. त्यात पिट्युइटरीवर एक ठिपका दिसला. तिळाएवढा.

"ठिपका पुष्कळांना असतो," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "दहातल्या एखाद्याला असतोच, आणि जन्मभर त्याचा त्रास होत नाही. प्रश्न एवढाच आहे की हे प्रोलॅक्टिन त्या ठिपक्यामुळे वाढलंय की नुसत्या ताणानं. त्यामुळे झालं असेल तर वर्षानुवर्षं गोळ्या. नसेल तर काहीच नाही. त्यासाठीच आपली चाचणी आहे."

"पण मॅडम," सिस्टर म्हणाली, "काकूंसमोर कोमटरावच बसणार?"

"म्हणजे काय? आपले आजवरचे सगळे आकडे त्यांच्यासमोरचे आहेत. ते आपलं माप आहे. बायको आली म्हणून मीटरपट्टी बदलते का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कोमटरावांना पहिल्यांदाच कशाला तरी हरकत घ्यावीशी वाटली. पण त्यांनी ते भूक समजून सोडून दिलं.

बायको खुर्चीवर पडली. सिस्टरनं सुई बसवली, पहिलं रक्त घेतलं आणि बजावलं, "काकू, आता एक शब्द बोलायचा नाही हं." कोमटरावांनी घसा साफ केला आणि पडद्याच्या दांड्याची गोष्ट काढली. दांडा आणला. मी स्टूल घेतलं. मी भिंतीवर खूण केली. मी भोक पाडलं. मी दांडा बसवला. बरोबर?

बायकोनं डोळे मोठे केले. कोमटराव पुढे गेले. मग पडदा. मी तो धुतला. मी तो शिवून आखूड केला. बरोबर?

बायकोनं ओठ दाताखाली धरले. सिस्टरनं दुसरं रक्त घेतलं, मग तिसरं. मग कुलपाची गोष्ट झाली. संपली तेव्हा बायको हातातली सुई निघताच चप्पल घालून जी चालू लागली, ती थेट घर येईपर्यंत पुढेच. मागून कोमटराव.

आकडे आले आणि तिसऱ्या मजल्यावर खळबळ उडाली. भीतीचा आकडा उतरतो, गाठीचा जागेवर बसतो. काकूंचा चढलेला होता. विश्रांती जसजशी वाढली तसतसा आकडाही वाढत गेला.

मॅडमच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर आपला प्रबंध लिहीत होता. त्याला सगळे प्रबंधवाला म्हणत. तो आनंदानं वेडा व्हायचाच बाकी राहिला. "मॅडम, हा नवीन आजार आहे! विश्रांतीनं भडकणारी गाठ! जगात पहिली!" त्यानं त्याच दुपारी परिषदेसाठी भित्तिपत्रक करायला घेतलं. कोमटराव चहाच्या कपात बघत उभे होते, त्यांच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. "काका, अभिनंदन. तुमच्या घरात इतिहास घडतोय."

"म्हणजे... तिला काय होणार?"

"घाबरायचं काय त्यात? आधी गोळ्या देऊन बघू. नाहीच बधली तर ऑपरेशन. हल्ली कवटीबिवटी उघडत नाहीत, काका. नाकातून जातात."

"कोण जातं?"

"डॉक्टर."

कोमटरावांनी कप खाली ठेवला. तो बशीत न पडता बाजूला पडला.

त्या दिवसापासून कोमटराव बिघडले. बसायचे त्याच जागी, सांगायचे त्याच गोष्टी, पण गोष्टी आता त्यांच्या ऐकेनात. कुलपाच्या गोष्टीत किल्ली फिरेनाशी झाली. "लावून पाहिली," कोमटराव म्हणाले आणि तिथेच थांबले. खुर्चीवरच्या गणिताच्या बाईंनी मान उचलली. "मग?" "फिरेना," कोमटराव म्हणाले आणि त्यांचा आवाज कापला. चार खुर्च्यांवर चार माणसं श्वास रोखून बसली. बसच्या गोष्टीत तर बस आलीच नाही. थांब्यावर माणूस आपला एकटा उभा, संध्याकाळ होत आलेली, आणि बाजूला ती खुर्ची, रिकामी. एक धिप्पाड सुरक्षारक्षक ते ऐकून हुंदके देऊ लागला.

त्या आठवड्याचे सगळे नमुने बाद झाले. मॅडमनी कोमटरावांना बोलावलं.

"कोमटराव, हे काय चाललंय? तुम्ही चक्क रंगवून सांगताय!"

"चुकून होतंय मॅडम."

"लोक बाहेर विचारतायत, आज कोमटराव बसणार आहेत का म्हणून. विभागाचं नाव खराब होतंय. काकूंची चाचणी पुन्हा घेऊ. तेव्हा तरी नीट बसा, नाहीतर मला काहीच ठरवता येणार नाही. आणि ठरवता आलं नाही तर गोळ्या सुरू कराव्या लागतील."

घरी बायको मशीनवर एका पॅंटची शिवण उसवत होती. आठवडाभर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. कोमटराव समोर जाऊन उभे राहिले आणि संसारात प्रथमच आपण होऊन म्हणाले, "मला भीती वाटतेय गं."

बायकोचे हात थांबले. "कशाची?"

"तुझ्या गाठीची."

"गाठबीठ काही नाही," बायको म्हणाली. "तुम्ही आहात ते."

"मी काय केलं?"

"पडद्याचा दांडा कुणी बसवला?"

कोमटराव गोंधळले. बरेच दिवस तीच गोष्ट सांगून सांगून त्यांना आता खरोखर आपणच तो बसवल्याचं आठवत होतं. मी स्टूल घेतलं, मी खूण केली... "तू बसवलास," ते हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही काय करत होता?"

"मी स्टूल धरलं होतं."

"तेही हलत होतं. पडदा कुणी धुतला? पडदा कुणी शिवला? तुम्ही? तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो का? मी तिथे हातात सुई खुपसून पडलेय, तोंड बंद, आणि तुम्ही माझ्यासमोर माझा अख्खा संसार एकट्यानं करून टाकलात! वर विचारताय, बरोबर? बरोबर?"

"अगं, मॅडमनी काढलं तुला. बायको म्हटलं की लोकांचे आकडे हलतात. म्हणून बायकोच्या जागी 'मी' घातलं. शास्त्रासाठी."

बायकोनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "कुत्र्याच्या जागी निदान खुर्ची तरी ठेवलीत."

कोमटराव स्टुलावर बसले. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तू चिडली होतीस म्हणून आकडा चढला?"

"मग काय नाचले असते?"

"म्हणजे गाठ नसेल?"

"ते मला काय ठाऊक? मी डॉक्टर आहे का?" असं बायको म्हणाली खरी, पण तिचा आवाज जरा खाली आला होता. तिनं उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "नाकातून काय घालतात हो ते? तो पोरगा सांगत होता म्हणालात ना."

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी मॅडम स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. प्रबंधवाला त्यांच्यामागे, चेहऱ्यावर जगात पहिलेपणाचं तेज घेऊन. बाकीच्या तीन खुर्च्याही भरलेल्या होत्या: गणिताच्या बाई, एक न्हावी आणि तो सुरक्षारक्षक. सिस्टरनं काकूंचं पहिलं रक्त घेतलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"दांडा बायकोनं आणला," कोमटराव म्हणाले.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "कोमटराव! नियम!"

"मॅडम, माप चुकलेलं असलं तर कापड कितीही वेळा मोजून काय उपयोग?" हे वाक्य त्यांनी कुणाचं उचललं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे दोघांना. मग ते बायकोकडे वळले. "खूण तू केलीस. जमिनीपासून... किती गं?"

"काकू, बोलायचं नाही," सिस्टर ओरडली.

"बोलू दे तिला," कोमटराव म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की ते आपणच म्हणालो हे त्यांना पटायला वेळ लागला. "नमुना बाद करायचा तर करा. मला उद्यापासून चादरींकडे पाठवा. पण आज तिला बोलू द्या."

कुणी काही म्हणायच्या आत बायको बोलू लागली होती.

"जमिनीपासून नाही मोजायचं, खिडकीच्या चौकटीपासून मोजायचं. जमीन तिरकी आहे आमची. चौकटीपासून चार बोटं वर. पण डाव्या बाजूला चार आणि उजव्या बाजूला साडेतीन, कारण चौकटही तिरकीच आहे. मग भोक. भोक पाडायच्या आधी स्क्रूची जाडी बघायची. स्क्रू दोन प्रकारचे मिळतात. एक असा, एक तसा. आमच्याकडे तसा होता..."

आणि हे बघा, कोमटराव आजवर स्वतःला फार समजत होते, पण गुरू घरात होती! बायकोनं स्क्रूवरून भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या गुट्ट्या काढल्या, गुट्ट्यांवरून पडद्याच्या कड्या, कड्यांवरून कापड धुतल्यावर किती आटतं ते. एकही वळण अनपेक्षित नव्हतं, एकही तपशील सुटला नव्हता. गणिताच्या बाई छताकडे बघत जाग्या पडून होत्या. न्हाव्याचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. सुरक्षारक्षक, ज्याचं काळीज परवा बसथांब्यावर फाटलं होतं, तो आता लोण्याच्या गोळ्यासारखा पडला होता. प्रबंधवाला भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगू लागला. आणि बायको स्वतः? बोलता बोलता तिचे खांदे सैल झाले, भुवया आपल्या जागी आल्या, आवाज संथ लागला. सिस्टर रक्त घेऊन गेली ते तिला कळलंसुद्धा नाही. कोमटराव मध्ये मध्ये फक्त "बरोबर" म्हणत होते. प्रश्नचिन्ह काढून.

संध्याकाळी आकडे आले. कोमटराव बायकोचा हात धरून बाकावर बसले होते. हात त्यांचाच घामानं भिजला होता. मॅडम कागद घेऊन आल्या, बसल्या, चष्मा लावला.

"पहिला थोडा वर आहे. दुसरा त्याच्या खाली. तिसरा अगदी नॉर्मल. वहिनी, ठिपका नुसता ठिपका आहे. त्याला पुढच्या वर्षी एकदा बघू, बाकी त्याला त्याच्या जागी सुखानं राहू द्या. गोळ्या नाहीत, काही नाही. पाळी आणि डोकेदुखीसाठी तुमच्या डॉक्टरांना परत भेटा, तुमचं वयही ते आहेच. आणि जरा बोलत जा."

"मी बोलतेच," बायको म्हणाली. "ऐकायला कुणी नव्हतं." आणि मग एकदम पदराचं टोक डोळ्यांना लावलं. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाली.

प्रबंधवाल्यानं भित्तिपत्रकाची गुंडाळी काखेत मारली. "जगातली पहिली होती," तो कुणालातरी सांगत जिन्यानं उतरला.

"वहिनी, एक विचारू?" मॅडम म्हणाल्या. "बाकी तिघांचे आकडे मी इतके सपाट कधी पाहिले नाहीत. तुम्ही आठवड्यातून दोनदा येऊन बसाल का?"

"छे हो! माझ्याकडे सतरा पॅंटी पडल्यात. यांनाच ठेवा. मी घरी दुरुस्त करून पाठवत जाईन."

मॅडमनी मान डोलावली आणि कोमटरावांकडे वळल्या. "ठीक आहे. पुढच्या तुकडीचे पेशंट आलेत, सुया बसवून झाल्यात. जा, बसा तुम्ही."

कोमटराव उठले आणि विश्रांतीच्या खोलीकडे निघाले. पण दारात सिस्टरनं त्यांना एकवार खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आडवा हात घातला. कोमटरावांचे कान लाल झाले होते, डोळे भरून आले होते, आणि तोंड आपलं आपण इकडून तिकडे पसरत चाललं होतं. ते मिटायचा त्यांनी प्रयत्न केला. मिटेना.

"हे असं तोंड घेऊन आत जाणार?" सिस्टर म्हणाली. "चारही पेशंट बिघडतील माझे. आज घरी जा तुम्ही."

"अगं, पण तिला काही झालेलं नाही!"

"तेच तर," सिस्टर म्हणाली आणि दार लावून घेतलं.